वाढीव

अठ्ठावीस वर्षं मी अतिक्रमण विभागात नोटिसा टाइप केल्या.
सदर घरास लागून विनापरवाना छज्जा,
लांबी इतकी, रुंदी इतकी,
सात दिवसांत स्वखर्चाने काढून टाकावा.
नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली,
सेक्टर बदलायचा, छज्जा तोच.

आता फंडाच्या पैशातून
टेम्पोची कॅराव्हॅन झाली आहे
आणि श्रीरंग म्हणतो, तिला छज्जा हवा.

सानपाड्याच्या गारेगार दुकानात
मुलाने रिमोट दाबला. भिंतीवरच्या पेटीतून
करडं कापड जिभेसारखं बाहेर आलं.
वारा ओळखणारा सेन्सर, कडेला दिव्यांची पट्टी,
एक लाख दहा हजार, बसवणावळ वेगळी.
श्रीरंगने दोनदा कापडाला हात लावला,
जसा तो लग्नात दुसऱ्यांच्या शालूला लावतो.
मी विचारलं, ही गाडीच्या कुठल्या बाजूला बसते?
मुलाने माहितीपत्रक चाळलं. उजव्या.
बाहेरची आहे ना मॅडम, तिकडे गाड्या उलट्या चालतात.
म्हणजे आम्ही रस्त्याच्या अंगाला खुर्च्या टाकायच्या
आणि उरणचे कंटेनर
आमच्या चहातून जायचे.

मग कळंबोली. ट्रक टर्मिनलच्या मागे
लतीफ मास्तरांचं मशीन, पितळी रिंगांचा डबा,
आणि भिंतीला टेकून उभे ताडपत्रीचे ताके,
पाहुणे यायचे म्हणून ताटकळल्यासारखे.
मास्तरांनी भाव सांगितला नाही. खडू दिला.
"आधी काढा बाई, केवढं पाहिजे ते."

गाडीच्या डाव्या अंगाला, डांबरावर
मी आयत काढला, नऊ फूट बाय सात.
हात सवयीने चालला, कोपऱ्यात मापंसुद्धा लिहिली.
श्रीरंगने त्यात दोन खुर्च्या मांडल्या, शेगडी मांडली,
रेषेपाशी चपला काढून आत गेला
आणि चटका बसून लगेच बाहेर आला.

दुपारचे साडेतीन. मास्तरांच्या पोरांनी
बांबूंवर एक जुनी ताडपत्री उंच धरली.
सावली पडली ती बरीचशी आयताबाहेर,
पुढच्या ट्रकच्या चाकापाशी,
जिथे एक क्लीनर झोपला होता.
डोळे न उघडता त्याने कूस बदलली.
"वरचं कापड सगळेच मागतात," मास्तर म्हणाले,
"बाजूचा पडदा कोणी मागत नाही. तो घ्या."

रंगावर तासभर गेला.
हिरव्याखाली माणसं आजारी दिसतात, हे मास्तरांचं.
निळा नको, हे माझं.
निळं कापड मी फाइलींतल्या फोटोंत फार पाहिलं,
तोडकामाच्या दुसऱ्या दिवशीच्या.
श्रीरंगने का म्हणून विचारलं नाही.
मातकट ठरला. शटरच्या जुन्या नळीवर गुंडाळायचा,
हाताने फिरवायचं हँडल, पडद्यासकट चौदा हजार.

शिलाई चालू असताना मला मंदोदरी ठाकूरांचा अर्ज आठवला.
रेघांच्या कागदावर, कुणाकडून तरी लिहून घेतलेला:
छज्ज्याखाली माझी सून भांडी घासते,
छज्जा काढला तर ती उन्हात घासेल, तरी विचार व्हावा.
मी त्यावर आवक क्रमांक घातला होता.
क्रमांक आठवत नाही. अक्षर आठवतं.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडून पाहिलं.
दुसऱ्या मजल्यावरचे सप्रे खाली उतरले
आणि काही न बोलता कडेकडेने
पाऊल लावून मोजू लागले.
नऊ बाय सात, मी सांगितलं
आणि हँडल फिरवलं. अकरा वेढे.
मोकळ्या उन्हात सप्रे उभे, एक पाऊल पुढे टाकलेलं.

गाडीतून श्रीरंग म्हणाला,
परत उघड, तिघांचा चहा टाकलाय.