मानस

भरती करून घेताना मीच विचारलं, काम काय करता?
इनास म्हणाला, मानस सांभाळतो.
नांदेडहून नवीनच आलेला डॉक्टर हसला,
मग आपण एकाच धंद्यातले की!
मला सांगावं लागलं त्याला,
मानस म्हणजे चोडणच्या बांधातलं लाकडी दार.
भरतीला आपोआप मिटतं, सुकतीला उघडतं,
मांडवीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून.
आपोआप हा शब्द इनासला आवडला नाही.
फळीत काटकी अडकते, म्हणाला,
कुर्ल्या बांध पोखरतात.
रात्री उठून बघायला माणूस लागतो.

आता त्याच्या कवटीला अकरा भोकं,
प्रत्येकातून शेवईएवढी तार आत गेलेली,
तारेवर मणी.
एकशे अठरा मणी, पडद्यावर एकशे अठरा रेघा,
आणि रात्रपाळीला मी, पेडण्याची, थर्मासमधला चहा घेऊन.

कानाच्या मागे, खोल,
समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग असतो,
डॉक्टर समजावत होते, बहुधा तिथूनच झटका निघतो,
सिद्ध झालं तर काढून टाकू.
समुद्रघोडा येतो कधीकधी जाळ्यात, इनास म्हणाला.
खायच्या कामाचा नाही.
मी परत पाण्यात सोडतो.

गोळ्या अर्ध्या केल्या, मग पाव, मग बंद.
सतरा वर्षं पिदादने सायबिणीपुढे मेणबत्ती लावली,
आज नको, आजचा दिवस नको.
आणि आता बांबोळीत आम्ही सगळे
त्याच्याच वाटेकडे डोळे लावून.
तिने मला दबक्या आवाजात विचारलं,
येऊ दे म्हणून मागितलं तर पाप लागेल?
मला काय ठाऊक.
मी म्हटलं, बटण हातात ठेवा.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मण्यांतून थोडी थोडी वीज सोडली.
तिसरा-चौथा: काही नाही.
पाचवा-सहावा: काही नाही.
सातवा-आठवा, आणि इनासने नाक वर केलं.
चिखल.
कसला चिखल?
सुकतेचो.
मग दचकून, कोण रे दार उकतें करता?
दार बंद होतं. एसी चालू होता.
रजिस्टरात लिहिलं: वासाचा भास, आवाजाचा भास.
अक्षर माझंच.

सहाव्या रात्री, तीन वाजून बारा मिनिटांनी,
रेघा आधी गप्प झाल्या.
पाणी वळायच्या आधी नदी क्षणभर उभी राहते ना,
तशा.
मग सातव्या-आठव्यावर बारीक थरथर,
मग शेजारी, मग शेजाऱ्याचा शेजारी,
मग पडदाभर काळं.
पिदाद जागी होती. बटण दाबलं नाही तिने.
त्याच हातात तिची तेर्साची माळ, त्याच हातात त्याचा हात.
खूण मी केली.
तो काहीतरी चघळत होता, तोंडात नसलेलं,
आणि मोकळा हात पलंगाच्या कठड्यावर
फळी चाचपत होता.
चौऱ्याहत्तर सेकंद.
आम्ही दोघींनी त्याला कुशीवर वळवलं.

सकाळी सगळे खूश. सापडलं, सापडलं.
कुणीतरी माझंही अभिनंदन केलं.
रात्री मी काय केलं? इनासने बायकोला विचारलं.
काही नाही, ती म्हणाली, कामावर होतास.

मग त्याने डॉक्टरांना विचारलं,
ते काढलं की चिखलाचा वासही जाईल?
जाईल किंवा नाही जाणार, डॉक्टर म्हणाले. खरं तेच बोलले.
त्या वासानेच जाग येते मला, इनास म्हणाला.
पुनवेचं उधाण होऊन जाऊ दे.
मग सांगतो.

घरी जाताना राहवलं नाही,
पेपरात भरती-ओहोटीचा तक्ता बघितला.
पणजी: दोन चाळीस.
जुळत नव्हतं. बरंच वाटलं, खरं तर.
संध्याकाळी त्याला सांगितलं.
बँडेजखालून एक भुवई वर गेली.
पणजीचं पाणी, म्हणाला,
चोडणला पोचेपर्यंत वेळ लागतो, बाय.