प्रवेश बंद

मोहाडीच्या पॅकहाऊसला फाटकावर पाटी आहे,
ऑडिटवाल्यांनी लावायला लावलेली:
'प्राण्यांना प्रवेश बंद.'
तिच्या बरोबर खाली थॉमसन झोपायचा.
नाव मुकादमानं ठेवलेलं, रंगावरून,
पिकायला लागलेल्या मण्यासारखा, पिवळट, उन्हात जरा आरपार.
खरं तर आरपार फक्त कान.

मी ब्रिक्स बघते.
एक मणी चिरडायचा, काचेवर थेंब, डोळा उजेडाकडे:
सोळा, साडेसतरा, अठरा.
दिवसाला तीनशे थेंब गोडी मोजायची
आणि घरी जाऊन बिनसाखरेचा चहा.
चिरडलेले मणी मी खाली टाकायचे.
ते कोण उचलतं, कधी विचारलं नाही.

निफाडला पारा चारावर आला त्या रात्री
बागेत शेकोट्या पेटवल्या, मणी तडकू नयेत म्हणून.
सगळे धुरात डोळे पुसत, आणि हा
आगीला पाठ देऊन, कादवेकडे तोंड करून बसलेला,
जशी थंडीची वाट यालाच राखायला दिलेली.

मार्चमध्ये, शेवटून दुसरा कंटेनर भरत होता,
तेव्हा त्यानं पाणी सोडलं. मग उलट्या. मग लघवीच नाही.
डॉक्टर सानप दिंडोरीहून आले.
"द्राक्षं खाल्ली का यानं?"
आम्ही हसलो. बावीस एकरांत दुसरं काय खाणार?
"कुत्र्याला विष असतं ते.
एखादा पाटीभर खातो, काही होत नाही.
एखादा चार मण्यांत जातो. कोण कुठला, सांगता येत नाही."
मुकादमानं विचारलं, नाशिकला नेऊ का?
डॉक्टरांनी बॅग बंद केली नाही, उघडलीही नाही.
कोल्ह्याला द्राक्षं आंबट, एवढंच आम्हाला शिकवलेलं.
कोल्हा शहाणा होता, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या सलाइनला तो गेला.
सुरगाण्याची सोमी भोये, विरळणीला येते ती,
तिनं डोक्याचा रुमाल सोडला, त्याच्यावर घातला
आणि उघड्या डोक्यानं दिवसभर काम केलं.
सात नंबरच्या प्लॉटला, बांधाकडेला खड्डा.
रामकुंडात हाडं विरघळतात म्हणतात, माणसांची.
सात नंबरच्या मातीला जरा वेळ लागेल.

ऑफिसातल्या कॅलेंडरवर दत्त, पायाशी चार कुत्री.
मुकादम म्हणाला, आता पाच.
अकाउंटंट म्हणाला, चार वेद आहेत ते. पाचवा कुठला?
मुकादम म्हणाला, भुंकणारा.

मला बर्फातून चढत गेलेल्या राजाची गोष्ट आठवली.
भाऊ पडले, बायको पडली, मागे कुत्रं तेवढं उरलं.
दारावर सांगितलं, कुत्र्याला नाही येता येणार.
राजा म्हणाला, मग मीही नाही.
इथपर्यंत मला आवडते.
पुढे कुत्र्याचा देव होतो, तिथे माझं मन उतरतं.
कुत्रं कुत्रंच राहिलं असतं तर काय बिघडलं असतं?
देवासाठी कुणीही दारात थांबेल.

आसिफभाई कंटेनर घेऊन न्हावाशेव्याला जातो.
सील ठोकताना म्हणाला,
"जन्नतमध्ये नुसत्या अंगूरच्या बागा, ताई.
हात वर केला की घड खाली येतो."
मी म्हटलं, आणि खाली पडलेले मणी?
त्यानं सीलचा नंबर लिहून घेतला.

त्या रात्री मला भलतंच सुचलं.
दारावरचा तो निष्ठुर नसेलही.
आत मांडवच मांडव, कोसन् कोस,
खाली मण्यांचा सडा,
आणि कोणत्या जिवाला काय सोसत नाही, हे त्याला ठाऊक.
'राजा, तू ये.
त्याला इथे सावलीत बसू दे. पाणी ठेवतो.'
एवढंच म्हणाला असेल.
गोष्ट सांगणाऱ्यानं पाणी गाळलं.

आता ऑक्टोबर. गोडी छाटणी चाललीय.
फाटकाशी नवं पिल्लू आलंय, काळं, मुठीएवढं.
मुकादम त्याला जंबो म्हणतो.
माल यायला तीन महिने आहेत,
तरी टेबलाखाली मी बादली आणून ठेवलीय, घट्ट झाकणाची.
पिल्लू रोज येऊन तिला हुंगतं.
आत अजून काही नाही.