डावं पेडल

बँकेनं दोनदा विचारलं, ही फसवणूक तर नाही ना?
हेरंबनं एकदाच, पण बँकेपेक्षा लांबलेल्या सुरात.
बाराशे पौंड,
ज्या दुकानाला दार नाही, पाटी नाही,
विकायला तीनच सायकली,
आणि तिसरीच्या फोटोत मागं
कुणाचीतरी वाळत घातलेली चादर.

मी त्या चादरीवर विश्वास ठेवला.
लबाडानं ती आधी काढली असती.

हॅलिफॅक्समध्ये सपाट म्हणावं असं फक्त टेबल.
हॉस्पिटल खाली, घर वर,
मध्ये पावणेदोन मैलांचा चढ,
आणि सकाळी साडेसातला सुटणारी मी,
रात्रभर दुसऱ्यांच्या रक्तातली साखर मोजून
स्वतः रिकामी.
बस येते. तिच्या मनात आलं तर.

अकरा दिवसांनी खोका आला
आणि दिवाणखान्यात तीन दिवस
न कळवता आलेल्या पाहुण्यासारखा बसून राहिला.
हेरंब त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवू लागला.

शनिवारी उघडला. हँडल आडवं, चाकं चिंध्यांत गुंडाळलेली,
नट-बोल्ट जॅमच्या एका रिकाम्या बरणीत,
लेबल अर्धवट सोललेलं: प्लम, दोन हजार एकोणीस.
उजवं पेडल बसलं.
डावं बसेना.
जोर लावून झाला, तेल घालून झालं,
"मी म्हणत नव्हतो?" हे हेरंबचं
न म्हणता म्हणूनही झालं.

फोन लावला. वाटलं, आता गाणं लागेल, एक दाबा, दोन दाबा.
पहिल्याच घंटीला एक माणूस.
"ग्लिन."
नुसतं ग्लिन. मागं कुत्रं, आणि किटलीची शिट्टी.

"डाव्याचे आटे उलटे असतात.
सगळं जग फिरवतं तसं नका फिरवू.
सरळ आट्यांचं असतं ना,
तर चालता चालता आपोआप सुटून
पडलं असतं कुठंतरी रस्त्यात."

उलट फिरवलं. लोण्यात बोट जावं तसं गेलं.
बराच वेळ मी फोन धरूनच उभी.
सतरा वर्षांत या देशात मला कुणी
इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.
काय, ते मात्र विचारू नका.

मग हळदकुंकू. बॅटरीवर स्वस्तिक नको,
हेरंब म्हणाला, वॉरंटी जाईल.
चाकाखाली लिंबू ठेवलं, मी बसले,
आणि लिंबू फुटलंच नाही.
निसटलं, उतारावरून टुणटुणत निघालं,
थेट मिसेस अ‍ॅक्रॉइडच्या फाटकापाशी.
तिनं उचललं, एप्रनला पुसलं, चढून परत आणलं.
"तुझं लिंबू, लव्ह."
तोवर आम्ही दोघी फक्त
कचऱ्याचे डबे कुठल्या वारी, एवढंच बोललो होतो.
त्याच लिंबाचं सरबत झालं. तिघांत.
आईला यातलं काही कळवलं नाही.

संगमनेरला, पन्नास पैसे तास,
भाड्याच्या जेन्ट्स सायकलवर मी कैची शिकले,
दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून.
मागं धाकट्या मामाचा हात असायचा,
आणि तो कधी सुटला
ते पडल्यावरच कळायचं.
आता चढ लागला की पाठीला
तसाच कुणीतरी हात लावतं.
धाप न लागणारं कुणीतरी.

फेब्रुवारीत ग्लिनची ईमेल.
दुकान बंद करतोय. गुडघे आणि हिशेब, या क्रमानं.
उरलेले चार्जर ज्यांना हवेत त्यांना पाठवतो,
टपालखर्च देऊ नका.
पार्सलात चार्जर, जास्तीची किल्ली,
आणि तसलीच बरणी. या वेळी भरलेली.

आज रात्री चार्ज लावायची विसरले,
म्हणजे काल. पाळीत दिवस कळत नाहीत.
चढाच्या मध्यावर हात सुटला.
या वेळी मला कळलं.
उजवा पाय. डावा पाय,
उलट्या आट्यांवर, घट्ट.
मिसेस अ‍ॅक्रॉइड डबा ओढत होती, म्हणजे मंगळवार असणार.
मी हँडलवरचा एक हात काढून हलवला,
जरा वेळच,
मग पुन्हा धरलं.