चाळीस मिनिटं

दिवसभर मी दातांचे साचे ओतते,
लिएपायात, कालव्यापासून तिसऱ्या दारात.
रात्री ज्ञानकोश झाडते.
पगार नाही, कुणी सांगितलेलंही नाही.
जाहिराती उपटायच्या, बनावट वंशावळी,
स्वतःच स्वतःवर लिहिलेली थोरांची पानं.

सोमवारी समोर आलं : 'तिसरा धक्का'.
संगीताच्या कॅसेटी काढणारी संस्था.
पत्ता : मासळीच्या जाळ्यांची जुनी वखार.
कॅसेटी एकतीस,
सगळ्या मिळून प्रती एक हजार नऊशे चाळीस.
संदर्भ : त्यांचंच पत्रक, मालकाच्या बहिणीची मुलाखत,
आणि एका दैनिकातल्या दोन ओळी,
त्याही वखारीचं छप्पर वादळात उडालं म्हणून.

नियम साधा आहे, आणि मला पटतो :
दखल तिऱ्हाइतानं घेतलेली असावी.
आपणच आपली आरती ओवाळून भागत नाही.
मी लिहिलं, उल्लेखनीय नाही. काढावं.
मुदत सात दिवस.

रीगाहून कुणीतरी लिहिलं,
नववी कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली आहे.
मी उत्तर दिलं, झिजणं हा पुरावा नव्हे.
वाक्य टाळीचं होतं.
मग दोन दिवस
ते माझ्याच दातात अडकून राहिलं.

शनिवारी गेले. का, ते विचारू नका.

इल्मार्स साठीचा, बोटांना गोंद.
रद्दीतले सागरी नकाशे कापून वेष्टणं करत होता,
दर कॅसेटला समुद्राचा वेगळा तुकडा.
हे पान भाच्यानं लिहिलंय, म्हणाला, मला ठाऊकही नव्हतं.
त्याची आई नौदलाच्या भटारखान्यात पाव भाजायची, चोवीस वर्षं.
'तिला निदान पगार होता.
मी घरचं खाऊन भाजतो.'

मग ऐकवत गेला, मी न विचारता.
डबाबंद मासळीच्या कारखान्यातल्या बायका,
भोंग्याच्या सुरात सूर लावणाऱ्या
(भोंगा त्याच वर्षी कायमचा थांबला).
एका शाळेचं बँडपथक, त्यात उरलेली चार मुलं,
तुतारीवाल्याला पडसं.
तीन मुलींचा एक धिंगाणा, भिंतीपलीकडे कुत्रा भुंकतोय
तो तसाच ठेवलेला.
मी मनात मोजत होते : स्रोत नाही, स्रोत नाही.
यांच्यापैकी कुणाकडेही त्यानं
कसलंही कात्रण मागितलं नव्हतं.

निघताना मीच सांगून टाकलं, मी कोण ते.
तो कात्री पुसत राहिला.
'काढायचं तर काढा. आम्ही तसेही
कुणाच्या खिजगणतीत नव्हतो.
फक्त तेराव्या कॅसेटची ड्रमवाली,
तिचं नाव झाइगा. पोरानं डाइगा लिहून ठेवलंय.
ती मार्चमध्ये गेली.
तिची आई कधीकधी ते पान उघडते.'

रविवारी रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी
मी एक अक्षर बदललं.
बदलाचं कारण : 'नाव दुरुस्त केलं.'
संदर्भाची जागा मोकळी सोडली.
हे नियमात बसत नाही; दुसऱ्या कुणी केलं असतं
तर मी उलटवलं असतं.
माझं मत मागे घ्यावं का,
हे ठरवत चहा ठेवला, तो उतू गेला,
पुसून परत आले तोवर
मला न ओळखणाऱ्या कुणीतरी
मतं मोजली होती, माझं धरून.
नऊ पन्नास. पान नाही.

चाळीस मिनिटं
ते नाव बरोबर होतं.

तेरावी कॅसेट टेबलावर आहे, साच्यांच्या शेजारी.
वाजवायचं यंत्र माझ्याकडे नाही.
वेष्टणावर निळ्याचा वीतभरही नाही असा तुकडा,
किनारा कापलेला, गावाचं नाव कापलेलं,
नुसते आकडे :
सात, नऊ, साडेअकरा.
कुणीतरी होडीतून वाकून
दोर सोडून मोजलेले.