उजवं पुढचं चाक

गाडी कोरड्या डांबरावर घसरते,
असं गाडीचंच म्हणणं.
घसरत नाही, असं फालक मॅडमचं.

सावद्याला माझ्या गॅरेजसमोर ती उभी राहिली
तेव्हा मीटरवर तो पिवळा दिवा होताच:
एवढीशी मोटार, मागं दोन वाकड्या रेघा,
लग्नातून उशिरा घरी निघालेल्या माणसाच्या चालीसारख्या.
"पालच्या घाटात, ऐन वळणावर, मागं केळीचा ट्रक,
आणि ही बया दम सोडते, सुपडूभाऊ.
मी पाय दाबते, ही ऐकत नाही.
तीन जणांनी तीन सेन्सर बदलले."
पिशवीतून तिन्ही काढून त्यांनी बाकावर मांडले,
उपटलेल्या दाढांसारखे.
गुरांच्या डॉक्टर त्या. काढलेलं जपून ठेवतात.

स्कॅनर लावला.
तो म्हणाला, उजवं पुढचं.
म्हटलं, मॅडम, कुठं दुखतं ते हा सांगतो, का दुखतं ते नाही.
"गाय तर तेवढंही सांगत नाही," त्या म्हणाल्या,
आणि स्टूल ओढून बसल्या.

मग फैजपूरच्या रस्त्यानं, वीसच्या वेगानं,
कलिंदर तडवीच्या मांडीवर टॅब,
टॅबवर चार चाकांच्या चार रेघा.
तीन एकमेकींच्या पावलावर पाऊल टाकत चाललेल्या,
चौथीला मधेच उचकी.
पुन्हा उचकी.
"भो, फेऱ्याला एक," कलिंदर म्हणाला,
"मोजू राह्यलो मी."

सेन्सर बिचारा जे समोर दिसेल ते सांगतो.
तीन जणांनी त्याचेच डोळे बदलले,
तो बघतो कशाकडे, ते कुणी बघितलं नाही.

चाक काढलं. कॅलिपर तारेनं टांगला, नळीवर भार नको.
हबच्या नटाला पान्यावर पाईप घालून मी उभा राहिलो,
माझे ब्याऐंशी किलो कधीतरी कामाला यायचेच.
शाफ्ट बाहेर.
त्याच्या गळ्यात दातेरी कडं, अठ्ठेचाळीस दात,
आणि दोन दातांच्या मधे,
बॅटरी तिरपी धरली तरच दिसावी अशी,
एक चीर.

गंज फुगतो, हे लोकांना खरं वाटत नाही.
लोखंड खातो
आणि लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो.
कड्याखाली बसून बसून त्यानं कडं उकललं.
केसभर फट. तेवढ्यात ताल चुकतो,
आणि गाडीला वाटतं चाक सुटलं, गेलं,
धरा, धरा,
म्हणून ती आपल्याच इंजिनाचा गळा आवळते.

जळगावहून एस.टी.नं कड्याची पुडी आली, दुसऱ्या दिवशी दुपारी.
पॉलिश पेपरनं शाफ्ट घासला, नखाला गुळगुळीत लागेपर्यंत.
कडं गरम केल्याशिवाय चढत नाही,
आणि शेजारी उखाची भज्यांची कढई.
"उखा, तेल फेकायचंय ना हे?"
"फेकायचंय. पण एक प्लेट लावीन तुझ्या नावावर."
कडं तळलं. पक्कडीनं उचललं,
सरकवलं, बसलं,
आणि थंड होता होता त्यानं शाफ्ट असा आवळला
की आता घण घेतला तरी निघणार नाही.

दिवा विझला.
मॅडमनी पर्स उघडली.
म्हटलं, थांबा, अजून झालं नाही.

पाटचारीच्या कडेला, नुकतं पाणी दिलेल्या केळीच्या बांधावर,
काळ्या मातीत उजवं चाक मुद्दाम घातलं
आणि पाय दाबला.
चाक भुर्रकन फिरलं, चिखल काचेपर्यंत,
दिवा लागला,
फडफडला,
चाकानं माती धरली, आणि गाडी वर.
दिवा गेला.

"आत्ता खरं बोलली," मॅडम म्हणाल्या.
मग पिशवीकडं बोट:
"आणि हे तिघं?"
म्हटलं, निरोगी आहेत तिन्ही.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग मला खाली उतरवलं, स्वतः बसल्या,
आणि गाडी पुन्हा एकदा
चिखलात घातली.