उप्पु

वेंगुर्ल्याहून पोत्यांतून आलं शेवाळ,
आंबोलीचा घाट चढून, निपाणीत.
आमच्या गल्लीला तंबाखूच्या खाटाची सवय;
या वासाला मात्र मल्लव्वा दारातूनच ओरडली,
‘इदु येन री, हुसेनबी?’
किनाऱ्यावर कुजणारा कचरा, म्हटलं,
ह्याच्या दिव्यांच्या टोप्या व्हायच्यात.

तीस वर्षं मी तेंदूचं पान भिजवून, कातरून
हजाराचा हिशेब देत आले.
हे कातरायचं नाही. सात पाण्यांनी धुवायचं,
शिजवायचं, वाटायचं, चाळणीवर पातळ पसरायचं
आणि वाळेस्तोवर गप बसायचं.
तेच जमत नाही. बोटं आपोआप वळतात,
रिकामीच एक विडी बांधतात,
वर दोराही गुंडाळतात.

पहिल्या खेपेचं सगळं चिरफाळलं.
दुसरीत एक तक्ता धड निघाला:
आमसुलासारखा काळपट,
उजेडात धरला की मधाचा.
डिझाइनवाली पोरगी त्याचे फोटो काढत बसली.

मी चिरफाळलेला तुकडा घरी आणला,
खिडकीच्या फुटक्या काचेला खळीनं डकवला.
सकाळी मल्लव्वा आली,
कोपरा खुडून जिभेवर ठेवला.
‘उप्पु!’ म्हणाली, खारट तोंड करून.
सात पाण्यांनंतरही.

समुद्र आम्ही दोघींनी बघितलेला नाही.