सोडलेला आकडा

डुलुथच्या न्यायालयात, तिसऱ्या मजल्यावर,
माझं काम आकडे सोडण्याचं.
एकशे बारा. एकशे तेरा. मग एकशे पंधरा.
नोंदवही चाळणाऱ्याला वाटतं, कारकूनबाई पेंगल्या.
पेंगले नव्हते.
चौदा माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात आहे,
पिवळ्या पाकिटात, तोंडावर लाल पट्टी,
शिक्का अर्धा पट्टीवर, अर्धा पाकिटावर.

असा कागद मागणारा माणूस मागच्या जिन्यानं येतो.
न्यायमूर्तींच्या दालनात दहा मिनिटं.
जे सांगायचं ते तो एकटाच सांगतो.
ज्याच्याविषयी सांगतो, तो त्या वेळी
सरोवराकाठच्या दुकानात
कुणाच्या तरी अकॉर्डियनचा फाटका भाता शिवत बसलेला.
त्याच्यासाठी त्या दालनात खुर्चीच नाही.

झडती घरी कुणी नसताना घ्यावी.
काही नेऊ नये.
घरमालकास तीस दिवसांनी कळवावे.
सही त्यांची, शिक्का माझा.
तीस दिवसांनी तोच माणूस, तोच जिना:
तपासाला बाधा येईल, साहेब, आणखी नव्वद द्या.
मग आणखी नव्वद.
मुदतवाढीचा अर्ज सीलबंद,
सील करण्याचा हुकूम, तोही सीलबंद.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
मी मुठीवर मूठ ठेवत गेले
आणि रोज संध्याकाळी काचेवरचं बर्फ खरवडून
गाडी घरी नेली.
नवऱ्यानं विचारलं तर, विशेष काही नाही.

सप्टेंबरात तो आला. वाल्फ्रिड रौतिओ.
ऐंशीच्या घरातला, टोपी हातात.
काचेखालून पत्र सरकवलं:
अकरा फेब्रुवारीस आपल्या घराची झडती घेण्यात आली.
नेलेल्या वस्तू: काही नाही.

"काही नाही," तो म्हणाला, आणि थांबला.
मग बोलला तो माझ्याशी नव्हे, काचेशी.
"त्या रात्री आम्ही क्लोकेला, मेहुणीकडे जेवायला.
परतलो तेव्हा ताज्या बर्फावर एक पाऊल नव्हतं.
मांजर मात्र तळघरात कोंडलेलं, कडी बाहेरून.
हिल्माला म्हटलं, तू कोंडलंस.
म्हणाली, मी नाही.
शिवणाचा डबा भलत्याच फळीवर. म्हटलं, हेही तूच.
मग म्हणाली, असेन. मीच असेन.
मार्चमध्ये डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागली.
मीठ. साखर.
तळघराच्या दारावर: मांजर बघ.
डॉक्टरनं घड्याळ काढायला सांगितलं,
भीतीनं तिचे काटे चुकले.
जुलैमध्ये गेली. हृदय.
तोवर माझी माफी मागत होती,
त्या मांजरासाठी."

त्यानं नाक पुसलं.
"कुणावर संशय होता, का होता, ते राहू द्या.
दुकानात एक पोरगा ठेवला होता, त्याचं काही असेल.
मला एकच ओळ बघायचीय.
त्यात मांजर लिहिलंय का?"

कपाट माझ्यापासून दोन हातांवर.
झडतीच्या अहवालावर शिक्का मारताना
ती ओळ मी वाचली होती:
करडे मांजर वारंवार आडवे आल्याने तळघरात ठेवले,
निघताना बाहेर काढण्याचे राहिले.
वाचून हसले होते तेव्हा.
कॉफीचा पेला हातात होता.

"अशी कोणतीही नोंद उपलब्ध नाही,"
मी म्हटलं. शिकवलेलं वाक्य,
एकवीस वर्षांत एकदाही अडखळलं नव्हतं.
त्यानं पत्राची घडी घातली, होती त्याच रेषांवर.
तो वळला तेव्हा
माझ्या तोंडून गेलं:
"आणि ते करडं मांजर? जेवतं ना नीट?"

तो थांबला.
बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.
"मी रंग सांगितला नव्हता," म्हणाला,
अगदी हळू, जणू मलाच सांभाळून घेत.
मग टोपी घातली
आणि पुढच्या जिन्यानं, कठड्याला न धरता, उतरून गेला.

खिडकीपाशी पुढचा माणूस उभा होता.
मी नोंदवही ओढली.
चारशे सहा लिहिलं.
चारशे सात सोडलं.